साथीच्या काळातील न्यायदान : मुदत, मोकळीक आणि खुले न्यायालय

न्यायालय हे स्वभावतःच गर्दीचे ठिकाण आहे. तालुक्याच्या दिवाणी व फौजदारी न्यायालयात रोज सकाळी पक्षकार, वकील, साक्षीदार, बंदोबस्तावरील पोलीस, कोठडीतून आणलेले आरोपी आणि नकलांसाठी खिडकीपुढे उभे असलेले अर्जदार एकाच व्हरांड्यात जमतात. संसर्गजन्य रोगाची साथ आली की, हीच गर्दी धोक्याची ठरते. शाळेला सुटी देता येते, बाजार काही दिवस बंद ठेवता येतो. न्यायालय मात्र सर्वस्वी बंद ठेवता येत नाही. अटक झालेल्या माणसास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावेच लागते. घराबाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबास मनाई हुकमाची गरज त्याच दिवशी असते. अपिलाची मुदतही रोगाची साथ ओसरण्याची वाट पाहत नाही.

कोविड-१९ च्या साथीत, म्हणजे २०२० ते २०२२ या काळात, भारतातील न्यायालयांनी या अडचणीतून कसा मार्ग काढला, हे समजून घेणे शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उपयोगाचे ठरेल. त्या काळात झालेल्या काही आदेशांचे परिणाम आजही प्रकरणांत दिसून येतात आणि त्यांतून निघालेली तत्त्वे पुढील कोणत्याही आपत्तीत लागू पडणारी आहेत.

कायद्यातील उणीव

मुंबई इलाख्यात १८९६ साली प्लेग पसरला आणि त्यापाठोपाठ १८९७ चा साथरोग अधिनियम झाला. हा कायदा अवघ्या काही कलमांचा आहे. साथ रोखण्यासाठी सरकारने कोणते उपाय योजावेत, याचे अधिकार त्यात दिले आहेत. परंतु साथीच्या काळात न्यायालयांनी आपले काम कसे चालवावे, याविषयी त्यात एकही तरतूद नाही. त्यामुळे २०२० साली ही व्यवस्था न्यायालयांनाच उभी करावी लागली.

त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ चा आधार घेतला. आपल्यापुढील प्रकरणात संपूर्ण न्याय करण्यासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा अधिकार या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयास दिला आहे. अनुच्छेद १४१ अन्वये सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्यामुळे एकाच आदेशाने सर्व राज्यांतील न्यायालयांना समान नियम लावता आले.

पहिले पाऊल १३ मार्च २०२० रोजी पडले. सर्वोच्च न्यायालयाने केवळ तातडीची प्रकरणे ऐकण्याचे ठरवून पीठांची संख्या मर्यादित केली. उच्च न्यायालयांनीही आपापल्या अधिकारक्षेत्रात तसेच केले. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च-एप्रिल २०२० मध्ये अंतरिम आदेशांची मुदत वाढवली आणि ताबा काढून घेणे, निष्कासन व पाडकाम यांविषयीचे आदेश काही काळ स्थगित ठेवले. दाद मागण्यास न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या माणसाचे घर दरम्यानच्या काळात जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

मुदतीचा प्रश्न

सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न मुदतीचा होता. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात दोन सवलती आहेत. कलम ४ प्रमाणे, मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. कलम ५ प्रमाणे, पुरेसे कारण दाखवल्यास अपील किंवा अर्ज यांतील विलंब माफ होऊ शकतो. या दोन्ही सवलती येथे अपुऱ्या पडल्या. न्यायालये कागदोपत्री चालू होती, बंद होती ती वाहतूक; म्हणून कलम ४ चा आधार अनिश्चित होता. कलम ५ मूळ दाव्यांना लागू होत नाही आणि प्रत्येकाने स्वतंत्र विलंबमाफीचा अर्ज केला असता, तर त्याच अर्जांचा नवा ढीग न्यायालयांपुढे साचला असता.

यास्तव सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन २३ मार्च २०२० रोजी आदेश दिला की, सर्व न्यायालये व न्यायाधिकरणे यांतील मुदत १५ मार्च २०२० पासून पुढील आदेशापर्यंत वाढवलेली समजावी. मार्च २०२१ मध्ये ही सवलत संपवण्यात आली. दुसरी लाट येताच २७ एप्रिल २०२१ रोजी ती पुन्हा लागू झाली. अखेरचा आदेश १० जानेवारी २०२२ रोजी झाला. त्यानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायिक तसेच अर्धन्यायिक कामकाजाच्या मुदतीतून वगळण्यात आला. ज्यांची मुदत याच काळात संपत होती, त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळाले. शिल्लक मुदत त्याहून अधिक असल्यास ती अधिक मुदत मिळाली.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार, फेरफाराच्या नोंदीबाबत मंडळ अधिकाऱ्याने दिलेल्या निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करावे लागते. असा निर्णय १ मार्च २०२० रोजी झाला असेल, तर मूळ मुदत एप्रिल २०२० च्या अखेरीस संपत होती. ती वगळलेल्या काळात येत असल्याने शेतकऱ्यास मे २०२२ च्या अखेरीपर्यंत अपील करता आले. याउलट, ज्याची मुदत १५ मार्च २०२० पूर्वीच संपली होती, त्यास या आदेशाने नवी मुदत मिळाली नाही. जुन्या फेरफार प्रकरणांत अपील मुदतीत आहे की नाही हे तपासताना महसूल अधिकाऱ्यांनी हा फरक ध्यानी घेणे आवश्यक आहे.

मुदत कोणासाठी वाढते ?

या आदेशातून एक गंभीर प्रश्न निर्माण झाला. अटकेतील आरोपीविरुद्ध पोलिसांनी गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामीन देण्यास तयार असलेल्या आरोपीस जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. ही तरतूद तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ मध्ये होती. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे. सर्व मुदती वाढल्या असतील, तर पोलिसांची ही मुदतही वाढली काय ? मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निर्णयात तसे मानून जामीन नाकारण्यात आला.

सर्वोच्च न्यायालयाने एस. कासी या प्रकरणात १९ जून २०२० रोजी तो निर्णय रद्द केला. मुदतवाढीचा आदेश न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या पक्षकारांच्या सोयीसाठी होता. तपास यंत्रणेस माणसाला अधिक काळ कोठडीत ठेवण्याची मुभा देण्यासाठी नव्हता, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टाळेबंदी असली तरी अनुच्छेद २१ ने दिलेले जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण शिथिल होत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. साथीच्या काळातील साऱ्या निर्णयांत हा निर्णय विशेष महत्त्वाचा मानावा लागेल. आपत्तीत दिलेली सवलत नागरिकाच्या संरक्षणासाठी असते. तिचा अर्थ त्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालण्यासाठी लावता येत नाही.

तुरुंगांतील गर्दी

तुरुंगात अंतर राखणे बंद्याच्या हाती नसते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये नमूद केल्याप्रमाणे देशातील १,३३९ तुरुंगांत सुमारे ४ लाख ६६ हजार बंदी होते आणि हे प्रमाण क्षमतेच्या ११७.६ टक्के होते. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने २३ मार्च २०२० रोजी प्रत्येक राज्यास उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला. राज्य विधी सेवा समितीचे अध्यक्ष, गृह किंवा कारागृह विभागाचे प्रधान सचिव आणि कारागृह महासंचालक यांचा तीत समावेश होता. कोणत्या वर्गातील बंद्यांना अभिवचन रजेवर किंवा अंतरिम जामिनावर सोडावे, हे समितीने ठरवावयाचे होते. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांतील बंद्यांचा विचार करता येईल, असे उदाहरणादाखल सुचवण्यात आले. न्यायाधीन बंद्यांना प्रत्यक्ष न्यायालयात आणणे थांबवून दूरदृश्य प्रणालीचा वापर करण्यासही सांगण्यात आले.

ही सुटका शिक्षेतील माफी नव्हती. साथ ओसरल्यावर, २४ मार्च २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने अशा रीतीने सुटलेल्या बंद्यांना पंधरा दिवसांत परत हजर होण्याचा आदेश दिला. त्यानंतर नियमित जामिनासाठी अर्ज करण्याचा मार्ग त्यांना खुला राहिला.

पडद्यावरील सुनावणी

दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेणे भारतात अगदीच नवीन नव्हते. महाराष्ट्रातील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरांची साक्ष अशा रीतीने नोंदवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच दिला होता. मात्र जे अपवाद म्हणून चालत होते, ते २०२० साली नित्याचे झाले.

सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० रोजी यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रत्यक्ष उपस्थिती कमी करण्यासाठी न्यायालयांनी केलेले उपाय कायदेशीर मानले गेले आणि जिल्हा न्यायालयांची पद्धत ठरवण्याचा अधिकार उच्च न्यायालयांकडे राहिला. त्याचबरोबर मर्यादाही घालून देण्यात आल्या. या प्रणालीचा उपयोग मुख्यतः युक्तिवाद ऐकण्यासाठी करावा. उभय पक्षांच्या संमतीशिवाय साक्षीपुरावा तीवर नोंदवू नये. ज्यांच्याकडे साधने नाहीत, त्यांना ती उपलब्ध करून द्यावीत, असे सांगण्यात आले. उलटतपासणीच्या वेळी साक्षीदार कोणाच्या सांगण्यावरून बोलत नाही ना, हे न्यायाधीशास दिसले पाहिजे, हे ध्यानात घेतल्यास संमतीच्या अटीचे महत्त्व कळते.

खुल्या सुनावणीचा प्रश्नही येथे उभा राहतो. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खुली सुनावणी हा सर्वसाधारण नियम असल्याचे मान्य केले होते. न्यायालयाचे दालन बंद असेल, तर जनतेने सुनावणी पाहावी कोठे ? गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रायोगिक तत्त्वावर यूट्यूबवरून थेट प्रक्षेपण सुरू करून त्यास एक उत्तर दिले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नागपूर येथे ‘न्याय कौशल’ या ई-संसाधन केंद्राचे उद्घाटन झाले. स्वतःची साधने नसलेल्यांना न्यायालयाशी जोडून देणारी अशी केंद्रे नसतील, तर दूरदृश्य प्रणाली केवळ सधनांची सोय ठरण्याचा धोका आहे.

सर्वोच्च न्यायालयातील पूर्णतः प्रत्यक्ष सुनावणी ४ एप्रिल २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. परंतु नवी साधने मागे पडली नाहीत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने समन्स बजावणे, साक्षीदारांची तपासणी, पुरावा नोंदवणे आणि अपिलाचे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करण्यास वाव दिला आहे.

गावपातळीवरील कर्तव्ये

या अनुभवातून पंचायत सदस्य, शिक्षक व स्थानिक अधिकारी यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. आपत्तीत मुदत आपोआप थांबते, असे गृहीत धरू नये. स्पष्ट आदेश असल्याची खात्री करूनच त्यावर विसंबावे आणि आदेशाची तारीख नोंदवून ठेवावी.

२. गावातील कोणी अटकेत असल्यास, आपत्तीच्या काळातही ६० व ९० दिवसांची गणना चालूच राहते, हे त्याच्या कुटुंबीयांस समजावून सांगावे.

३. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि पूर, दुष्काळ, भूकंप यांसारख्या आपत्तींत सापडलेल्या व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा.

४. ग्रामपंचायत कार्यालयात किंवा शाळेत संगणक व इंटरनेटची सोय असल्यास, दूरदृश्य सुनावणीसाठी ती वापरता येईल काय, याविषयी तालुका न्यायालयाशी आधीच विचारविनिमय करून ठेवावा. साथ आल्यानंतर ही व्यवस्था उभी करण्यास वेळ मिळत नाही.

साथीच्या काळात न्यायालयांनी आपल्या कामाची जागा, वेळ आणि साधने बदलली. अटकेतील माणसाचा जामिनाचा हक्क, संमतीविना साक्ष न नोंदवण्याची दक्षता आणि साधनहीनास सुनावणीची संधी या गोष्टी मात्र त्यांनी कायम राखल्या. पुढील आपत्तीत कोणत्याही तातडीच्या उपायाची योग्यता याच कसोट्यांवर तपासावी लागेल. गावातील शेवटच्या माणसापर्यंत ही माहिती वेळेत पोहोचवणे हे पंचायत आणि शाळा यांचे काम आहे.