ट्रकच्या आडोशाला

भंडारा,
रविवार

चि. छोटी,

फोन न करता मुद्दाम पत्र लिहितो आहे. फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आणि तुझा आवाज ऐकला की माझा राग उतरतो. या वेळी तो उतरायला नको.

परवा गावातला एक ट्रक ड्रायव्हर घरी येऊन गेला. मौद्याजवळ, कन्हानच्या पुलाच्या अलीकडे, एका भरधाव ट्रकच्या मागे पिवळ्या जर्सीतली पोरगी अगदी चिकटून सायकल हाणत होती म्हणाला. हेल्मेटमुळे चेहरा नीट दिसला नाही, "पण तुमच्या भाचीसारखी वाटली." ती तू नसशील तर मी देवापुढे साखर ठेवीन. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. आबांच्या लुनाला अपघात झाला तेव्हापासून ती हायवेवर डोळे मिटून बसते, हे तू जाणतेस.

ट्रकच्या मागे वारा लागत नाही, काटा पन्नासवर जातो, पायांना वेग कळतो, हे मलाही माहीत आहे. पण ताशी पन्नासला सायकल एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला तर तुझा हात लिव्हरवर जाईपर्यंत ते अंतर संपलेलं असतं. पुढचा खड्डा तुला दिसत नाही, पुढची म्हैस दिसत नाही, आणि मागे कोणी आहे याची त्या ड्रायव्हरला कल्पनाच नसते. ट्रॅकवरच्या कायरिन शर्यतीत पुढे मोटारसायकल असते, पण ती मागच्या खेळाडूंसाठीच चालवलेली असते आणि तिथं समोरून कोणी येत नाही.

मर्फीची गोष्ट तूच मला सांगितली होतीस. १८९९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आगगाडीच्या मागे सायकलवर एक मैल ५७.८ सेकंदांत काढणारा तो. त्याच्यासाठी रुळांच्या मधे फळ्या अंथरल्या होत्या आणि शेवटच्या डब्याला वारा अडवायला आडोसा बांधला होता. तुझ्यासाठी मौद्याच्या रस्त्यावर कोणी काय अंथरलं आहे, सांग बरं?

आणि तो पन्नासचा वेग तुझा नव्हेच, तो ट्रकचा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. त्या वाऱ्याशीच तर तुमची खरी कुस्ती असते. स्प्रिंटच्या पात्रता फेरीत शेवटच्या २०० मीटरची वेळ घेतात तेव्हा पुढे कोणी नसतं, तू आणि ट्रॅक.

नागपुरात वेलोड्रोम नाही, हे तुझं रडगाणं खरं आहे. पुण्याची बालेवाडी नाहीतर दिल्ली गाठावी लागते, आणि बिनब्रेकची ट्रॅक सायकल सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर काढता येत नाही. पण आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे यांच्या गावात तरी कुठं ट्रॅक होता? तरी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोघी भारताच्या टीम स्प्रिंटमध्ये होत्या. स्पर्धा बर्मिंगहॅमची, पण ट्रॅक सायकलिंग लंडनच्या वेलोड्रोमवर झालं. तो दिवस आठवला की अजून छाती भरून येते. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलनं बारा दिवसांच्या आत गेले, दुसऱ्या वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, नऊ हजार किलोमीटरच्या वर. असे पाय घडायला वर्षं लागतात, पोरी. तुझी तर आत्ता सुरुवात आहे. रोड की ट्रॅक, हेही अजून ठरायचं आहे. ते ठरवायला तू धड राहायला हवीस.

तुझी घाई मला कळते. तुझ्या वयात मला मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं वेड होतं. घाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, एवढं पेपरात वाचून मी बिनगिअरच्या अॅटलसवर लाखनीपर्यंत जाऊन येत असे. जायचं ठरलं त्या वर्षी धान गेलं. बाबांकडे गाडीभाड्याचे पैसे मागायला तोंड उघडलं नाही, आणि पुढच्या वर्षी दुकानाला लागलो. खोपोलीहून वर चढताना पाय कसे भरतात, ते मला कधी कळलंच नाही. तुझं तसं होऊ नये म्हणून तर पहिल्या रेसिंग सायकलला तुझ्या आईशी भांडून मी पैसे दिले. आता रात्री झोप उडाली की वाटतं, त्याच सायकलवर तू त्या ट्रकच्या मागे आहेस.

फार बोललो. राज्य स्पर्धेत तू चौथी आलीस तेव्हा कोपऱ्यात तोंड फिरवून रडलीस, ते मी पाहिलं होतं. तुला बोललो नाही. पण ती चौथ्या क्रमांकाची शर्यतही तू स्वतःच्या पायांवर काढली होतीस, आणि माझ्या लेखी तिची किंमत मोठी आहे.

एक कर. तुझ्या सरांना स्पष्ट सांग की वेगाचा सराव हवा आहे. ते मोटारसायकलमागचा सराव बंद आवारात, नीट बघून लावतील. तोवर घरातच रोलरवर पाय फिरव. रोलर नसतील तर किंमत कळव, मी पाठवतो, आईला मध्ये घेऊ नकोस. रस्त्यावरचा लांबचा सराव रविवारी पहाटे ठेव. मी आदल्या रात्रीच नागपूरला येईन आणि स्कूटर घेऊन तुझ्या मागे राहीन, हॅझर्ड लावून. मागून येणाऱ्याला आधी मी दिसेन. गुडघ्याचं दुखणंही तेव्हा सांग, फोनवर लपवतेस ते.

ती पोरगी तू होतीस की नाही, एवढं मला खरं कळव. होतीस तरी रागावणार नाही. पण ट्रकच्या मागे पुन्हा जाऊ नकोस, बाळ.

तुझा
मामा