मऊ आमिषाची निवड

‘आमिष’ हा शब्द मराठीत आज बहुधा लालूच या अर्थाने वापरला जातो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ मांस असा आहे. म्हणूनच शाकाहाराला ‘निरामिष’ म्हणतात. गळाला लावायचे आमिषही पूर्वी खरोखरच मांसाचे असे : गांडूळ, कोळंबी, लहान मासा किंवा जिवंत बेडूक. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र एक निराळेच आमिष प्रचारात आले. त्यात मांसाचा कणही नसतो. तरीही मासा ते भक्ष्य समजून तोंडात घेतो. या निरामिष आमिषाची निवड कशी करावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथे निक क्रीम या गृहस्थाने १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. पुढे टेक्सास राज्यातील जलाशयांत बास नावाचा मासा धरण्यासाठी ते फार लोकप्रिय झाले. तेथे पाण्यात बुडालेली झाडेझुडपे पुष्कळ. उघडा गळ फेकला की तो हटकून एखाद्या फांदीत अडके. त्यावर उपाय म्हणून गळाचे टोक आमिषाच्या अंगातच लपवण्याची पद्धत रूढ झाली. तिला आजही ‘टेक्सास पद्धत’ म्हणतात. मासा चावला म्हणजे मऊ अंग दबते आणि टोक बाहेर येऊन त्याच्या जबड्यात रुतते. आमिष मऊ का असावे, याचे खरे उत्तर येथे आहे. ते केवळ माशाला खरे वाटावे म्हणून नव्हे, तर त्यातून गळाला वाट मिळावी म्हणूनही मऊ असते.

आपल्याकडील बास

हीच अडचण आपल्या ओळखीच्या पाण्यातही येते. बंगळूर शहर मोठ्या नदीच्या काठी नाही. पावसाचे पाणी बांध घालून अडवावे, एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात सोडावे, अशा तलावांच्या साखळ्यांवर ते वाढले. कन्नडमध्ये तलावाला ‘केरे’ म्हणतात. जयनगरच्या आसपासच येडियूर, सारक्की आणि मडिवाळ हे तलाव आहेत. उथळ तळ, काठाला पाणकणीस आणि जागोजागी जलपर्णी, हे दक्षिणेतील अशा तलावांचे नेहमीचे रूप होय. अशा पाण्यातील मासेमारी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्याने फार पूर्वी ओळखले होते. ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले.

या तलावांत बास नाही. परंतु बासप्रमाणे राहणारी आणि शिकार करणारी मरळ आहे. झाडोऱ्यात निश्चल दबा धरून बसावे आणि बेडूक किंवा लहान मासा जवळून गेला की एका झेपेत गिळावा, ही तिची रीत. तिला पाण्यातील प्राणवायू पुरत नाही. म्हणून ती अधूनमधून वर येऊन हवा घेते. त्यामुळे ज्या गढूळ, कोंदट पाण्यात इतर मासे तग धरत नाहीत तेथेही ती जगते, आणि वर येताना उठलेल्या तरंगावरून तिचा ठावठिकाणाही कळतो. तिचे तोंड कठीण असून दात तीक्ष्ण असतात. आमिष निवडताना ही सर्व लक्षणे ध्यानात ठेवावी लागतात.

निवडीचा क्रम

दुकानात गेलेला नवशिका प्रथम रंग पाहतो. वास्तविक रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावयाचा असतो. पहिला प्रश्न पाण्याचा. पृष्ठभाग जलपर्णीने किंवा कमळाच्या पानांनी झाकलेला असेल, तर बुडणारे आमिष निरुपयोगी. तेथे आतून पोकळ असा रबरी बेडूक घ्यावा. तो तरंगतो, पानांवरून सरकतो आणि त्याच्या गळाची दोन्ही टोके पाठीला चिकटून राहत असल्यामुळे पानांत अडकत नाहीत. पोकळ बेडकाचे कातडे जाड असते. मरळीच्या दातांपुढे ते भरीव गांडुळापेक्षा अधिक टिकते. मात्र मरळीने झडप घातल्याबरोबर काठीला हिसका देऊ नये. बेडूक तोंडात पूर्णपणे जाईपर्यंत क्षणभर थांबावे.

झाडोऱ्यामध्ये मोकळ्या पाण्याच्या वाटा असतील, तर भरीव अंगाचे, माशाच्या आकाराचे आमिष टेक्सास पद्धतीने लावावे. येथे दुसरा प्रश्न उपस्थित होतो : आमिषाचे अंग आणि गळ यांचा मेळ. या कामासाठी डोळ्याजवळ कोपरा दिलेला, रुंद वळणाचा गळ घेतात. गळाचा दांडा आणि टोक यांमधील अंतर आमिषाच्या जाडीपेक्षा बरेच अधिक असावे. अंग फार जाड असेल तर चावल्यावर दबलेले प्लॅस्टिक वळणातच गोळा होते, टोकाला बाहेर येण्यास जागा उरत नाही आणि मासा सुटतो. पुष्कळ वेळा आमिषाला दोष दिला जातो. दोष असतो तो या अपुऱ्या अंतराचा.

लावण्याची कृती सोपी आहे. गळाचे टोक आमिषाच्या नाकातून सुमारे अर्धा सेंटिमीटर आत घालून खालून बाहेर काढावे. आमिष सरकवत गळाच्या कोपऱ्यापर्यंत न्यावे आणि गळ फिरवून घ्यावा. मग टोक पोटातून पाठीकडे आरपार काढून पाठीवर आडवे टेकवावे व त्वचेत किंचित खुपसावे. आमिष सरळ बसले आहे ना, हे नेहमी पाहावे. वाकडे बसलेले आमिष ओढताना गरगर फिरते, दोऱ्याला पीळ पडतो आणि मासा संशय घेतो.

तिसरा प्रश्न वजनाचा. बिनवजनाचे आमिष सावकाश आणि आडवे बुडते. उथळ तलावात तेच बहुधा पुरते. नाकापुढे वजन लावले तर ते तोंड खाली करून वेगाने जाते. खोल पाण्यात किंवा दाट झाडोऱ्याच्या फटीतून खाली उतरण्यास ते सोयीचे. काही आमिषांत मीठ मिसळलेले असते. ती अधिक जड असल्याने वजनावाचूनही लवकर बुडतात. शेपटीकडेही पाहावे. वल्ह्यासारखी रुंद शेपटी पाणी हलवते. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांइतकाच या हालचालीवर विसंबतो. सरळ, बारीक शेपटी स्वच्छ आणि शांत पाण्यात बरी.

आता रंग. स्वच्छ पाण्यात बेडकाचा किंवा लहान माशाचा स्वाभाविक रंग घ्यावा. गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला गडद रंग घ्यावा, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर गडद आकृती स्पष्ट दिसते. याहून अधिक सूक्ष्म भेद माशापेक्षा गिऱ्हाइकासाठी केलेले असतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

आमिष तुटल्यानंतर

येथवरचा विचार मासा धरण्याचा झाला. परंतु चांगली निवड कोणती, याची आणखी एक कसोटी आहे : ते आमिष काठीबरोबर परत येते की नाही? मऊ आमिष हे पॉलिव्हिनिल क्लोराइडमध्ये तेलकट मृदुकारक द्रव्य मिसळून बनवतात. हे द्रव्य पाझरते. म्हणूनच अशी आमिषे साध्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्यास कधीकधी डबीच वितळू लागते. ती मूळच्या पिशवीतच ठेवावीत. पाण्यात तुटून राहिलेला तुकडा गांडुळासारखा कुजून जात नाही. मासा तो गिळू शकतो. अमेरिकेत ब्रूक ट्राउट या माशावर प्रयोगशाळेत झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असे तुकडे गिळलेल्या माशांचे वजन घटल्याचे आढळले. म्हणून झाडोऱ्यात न अडकणारे आमिष निवडणे ही केवळ सोय नव्हे, ते त्या तलावाविषयीचे कर्तव्यही होय. फाटलेले आमिष पाण्यात टाकू नये. तापवलेल्या सुरीच्या पात्याने त्याची फट पुन्हा सांधता येते. मात्र हे काम मोकळ्या हवेत करावे, कारण त्याचा धूर अपायकारक असतो.

रबरी बेडकाची एक बाजूही सांगितली पाहिजे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, ती बेडकांच्या बेसुमार कत्तलीमुळे. गळाला जिवंत बेडूक टोचण्याऐवजी रबरी बेडूक लावला, तर तेवढा एक जीव वाचतो. परंतु एक जीव वाचवून दुसऱ्या शेकडो जीवांवर घाला येऊ नये. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिले झुबक्याने पाण्याच्या पृष्ठभागाशी फिरतात आणि त्यांच्या खाली आईबाप राखण करीत असतात. त्या झुबक्याजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर राखणदार मासा भुकेने नव्हे, रागाने तुटून पडतो. त्या वेळी कोणतेही आमिष चालते. कसब लागत नाही. तो मासा काढून नेला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. तांबूस झुबका दिसला, की दोरा गुंडाळावा आणि दुसरी जागा पाहावी.

तलावावर जाण्यापूर्वी तेथे गळ टाकण्यास परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे. मग पाणी पाहावे, माशाची रीत आठवावी, गळ आणि आमिष यांचा मेळ बसवावा आणि शेवटी रंग निवडावा. सायंकाळी परतताना जितकी आमिषे नेली तितकी पिशवीत मोजून भरावीत. मासा मिळाला नाही तरी हा हिशेब जुळला पाहिजे.