फुफ्फुसातला ठिपका आणि आपला सिग्नल-टू-नॉइज रेशो

सिग्नल-टू-नॉइज रेशो आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि विसरतो. पण ह्याच रेशोवर कुणाचा जीव वाचू शकतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

फुफ्फुसाचा कॅन्सर फसवा असतो. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. खोकल्यातून रक्त पडतं, वजन घटतं, तोपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून त्रास सुरू होण्याआधीच शोध घ्यायचा. ह्यालाच स्क्रीनिंग म्हणतात.

मग साधा एक्स-रे का नाही? कारण त्यात बरगड्या, हृदय, फुफ्फुस सगळ्यांच्या सावल्या एकावर एक पडतात आणि छोटी गाठ लपते. सी. टी. स्कॅनमध्ये ट्यूब शरीराभोवती फिरते आणि अनेक कोनांतून घेतलेल्या मोजमापांवरून कॉम्प्युटर एकेक काप तयार करतो. हे मशीन बनवणारे गॉडफ्रे हाऊन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते! १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांच्या नावाच्या स्केलवर पाणी ० आणि हवा उणे १०००. फुफ्फुस हवेनं भरलेलं, गाठ मात्र पाण्याच्या जवळपास. म्हणजे सिग्नल मुळातच मोठा. रेडिएशनचा डोस चौथाई केला तर नॉइज दुप्पट होतो, तरी गाठ दिसते. हाच लो-डोस सी. टी., साधारण दीड मिलिसीव्हर्टचा.

उपयोग होतो का? अमेरिकेत २००२ पासून ५३,४५४ लोकांवर चाचणी झाली. सगळे ५५ ते ७४ वयाचे, भरपूर सिगारेट ओढणारे किंवा ओढून सोडलेले. निम्म्यांना एक्स-रे, निम्म्यांना लो-डोस सी. टी., वर्षातून एकदा, तीन वेळा. २०११ साली निकाल आला: सी. टी. गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

पण दुसरी बाजूही बघा. ज्या स्कॅनमध्ये संशयास्पद काही दिसलं, त्यातल्या १०० पैकी ९६ वेळा तो कॅन्सर नव्हताच! तरीही पुन्हा स्कॅन, कधी सुईची तपासणी, आणि घरच्यांची झोप उडते ती वेगळीच. आपल्याकडे तर टी. बी. बरा झाल्यावर राहिलेला व्रणसुद्धा असाच ठिपका दिसतो. म्हणून सरसकट सगळ्यांचं स्कॅन करणं शहाणपणाचं नाही. जास्त धोका असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

ह्यावर एक उपाय गणितात आहे. गाठीचा व्यास ५ मिलिमीटरवरून ६.३ झाला तर डोळ्यांना फरक जेमतेम कळतो, पण घनफळ दुप्पट झालेलं असतं. म्हणून नेदरलँड्स-बेल्जियमच्या नेल्सन चाचणीत सॉफ्टवेअरनं घनफळ मोजून वाढीचा वेग काढला. त्यामुळे विनाकारण तपासण्या बऱ्याच कमी झाल्या. २०२० च्या निकालात पुरुषांमधले मृत्यू १० वर्षांत २४ टक्क्यांनी कमी दिसले.

एक मात्र लक्षात ठेवा. स्कॅन कॅन्सर शोधतो, थांबवत नाही. सिग्नल सुधारण्यापेक्षा मुळातला नॉइज बंद करणं केव्हाही सोपं. तेव्हा टपरीवर चहा जरूर प्या, पण सिगारेटला 'नको' म्हणायला शिका!