१० माणसांच्या ऑफिससाठी हार्डवेअर फायरवॉल कशी निवडायची?



"सर, राऊटर आहे की, मग वेगळी फायरवॉल कशाला?" हा प्रश्न दुकानात नेहमी येतो. व्हिडिओत जे बोललो, तेच इथे आकड्यांसह देतोय. तुमचं कोटेशन समोर ठेवून वाचा.

आपण एक उदाहरण धरू. अकाउंटिंगचं ऑफिस, १० माणसं, ३०० एमबीपीएसची लाइन, टॅली ऑफिसातल्याच एका कॉम्प्युटरवर आणि दोघं घरून काम करणारे.

आधी ठरवा: गरज आहे का?

साधा राऊटर बाहेरून येणारं अनोळखी कनेक्शन अडवतो. पण तुमच्याच माणसाने फसव्या मेलमधली लिंक दाबली, तर ते कनेक्शन आतून बाहेर जातं आणि राऊटर ते जाऊ देतो. चांगली फायरवॉल हेही तपासते.

तीन माणसं आणि सगळं काम क्लाउडवर असेल, तर चांगला राऊटर, वेळेवर अपडेट आणि बॅकअप यावर भागतं. उगाच खर्च करू नका. पण ग्राहकांचा डेटा ऑफिसात असेल आणि कोणी घरून लॉगिन करत असेल, तर फायरवॉल घ्याच. घरून टॅली उघडण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर थेट उघडा ठेवलाय? तो आजच बंद करा. रॅन्समवेअरवाले असेच पोर्ट शोधत फिरतात. घरून यायचं ते व्हीपीएनमधूनच.

१. माणसं नाही, डिव्हाइस मोजा

१० माणसं म्हणजे १० कॉम्प्युटर, १० मोबाइल, प्रिंटर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. आकडा सहज २० च्या वर जातो. डीव्हीआरला हलकं समजू नका. २०१६ च्या मिराई हल्ल्यात असेच कॅमेरे आणि डीव्हीआर वापरले गेले होते.

२. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा

फोर्टिगेट ४०एफचं उदाहरण घ्या. कंपनीच्या डेटाशीटवर फायरवॉल थ्रूपुट ५ जीबीपीएस आहे, पण थ्रेट प्रोटेक्शन थ्रूपुट ६०० एमबीपीएस. म्हणजे व्हायरस आणि हल्ल्यांची तपासणी चालू केली की वेग इतका उतरतो. आपण पैसे तपासणीसाठीच देतोय, म्हणून दुसरा आकडा बघा. माझा नियम: तो तुमच्या लाइनच्या दुप्पट असावा. ३०० च्या लाइनला ६०० ठीक. एचटीटीपीएस उघडून तपासायचं असेल तर वेग अजून कमी होतो, तो आकडा वेगळा विचारा.

३. तीन वर्षांचा हिशोब मांडा

इथेच बरेच जण फसतात. लायसन्स संपलं की डबा चालू राहतो, पण नवीन धोक्यांची माहिती येणं बंद होतं. हिशोब समजण्यासाठी आकडे धरू:

- डीलर अ: २५,००० रुपये, एका वर्षाचं लायसन्स. पुढे दरवर्षी २०,०००. तीन वर्षांत ६५,०००.
- डीलर ब: ५२,००० रुपये, तीन वर्षांच्या लायसन्ससह.

पहिल्या दिवशी स्वस्त वाटलेला 'अ' १३,००० रुपयांनी महाग पडला. म्हणून रिन्यूअलचा दर कोटेशनमध्ये लेखी घ्या.

पीएफसेन्स, ओपीएनसेन्स फुकट मिळतात, पण सांभाळणारा माणूस लागतो. तो नसेल तर ते फुकट पडत नाही.

४. बसवताना समोर उभे राहा

- पाहुण्यांचं वायफाय आणि सीसीटीव्ही वेगळ्या नेटवर्कवर, टॅलीचा कॉम्प्युटर वेगळ्या.
- इंटरनेट कंपनीचा राऊटर ब्रिज मोडवर, नाहीतर व्हीपीएनला त्रास होतो.
- अॅडमिन पासवर्ड बदललेला आणि तुमच्याकडे लिहिलेला. फक्त इंजिनिअरकडे नको.
- लॉग कुठे साठणार ते विचारा. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय. लहान मॉडेलमध्ये बऱ्याचदा डिस्कच नसते.
- फायरवॉल यूपीएसवर.

शेवटचं, पण महत्त्वाचं. फायरवॉल घेतली म्हणून बॅकअप थांबवू नका. पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस फायरवॉलच्या समोरून जातच नाही. टॅलीचा रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून ठेवा.

आता कोटेशन उघडा आणि डीलरला तीनच गोष्टी विचारा: थ्रेट प्रोटेक्शनचा वेग किती, रिन्यूअल किती आणि लॉग कुठे राहणार? तिन्ही उत्तरं लेखी आली की मगच ॲडव्हान्स द्या.