मळीपासून मोटारसायकलीपर्यंत : इथेनॉलचा पाठ कसा घ्यावा

साखर कारखान्यांच्या परिसरातील मुलांना मळीचा वास चांगलाच परिचित असतो. परंतु त्याच मळीचा अंश घरच्या मोटारसायकलीच्या टाकीत जातो, हे त्यांना ठाऊक असतेच असे नाही. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गापुढे हा विषय अवश्य ठेवावा.

पाठाचा आरंभ प्रयोगाने करावा. बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात गूळ विरघळवावा, चिमूटभर यीस्ट घालावे व तोंडाला फुगा बांधावा. काही वेळाने फुगा फुगू लागतो. यीस्ट हे सूक्ष्म जीव साखरेपासून इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड निर्माण करतात. वायू फुग्यात शिरतो, इथेनॉल पाण्यात राहते. येथेच थांबावे. द्रव कोणासही चाखू न देता ओतून टाकावा. ऊर्ध्वपातन शाळेत मुळीच करू नये; ते धोक्याचे आहे आणि परवान्यावाचून बेकायदाही आहे. फळ्यावरील आकृती पुरेशी होते.

ऊर्ध्वपातनाने सुमारे ९५ टक्के शुद्धता येते. उरलेले पाणी निराळ्या शोषक द्रव्याने काढावे लागते, कारण पेट्रोल व पाणी एकजीव होत नाहीत. “गुरुजी, मग हीच का दारू?” हा प्रश्न हमखास येतो. तो टाळू नये. द्रव्य तेच, मात्र इंधनासाठीचे इथेनॉल पिण्यास अयोग्य करून पाठविले जाते, असे स्पष्ट सांगावे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ मध्ये या इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपल्याकडे २००१ मध्ये मिरज, मनमाड व उत्तर प्रदेशातील आंवला येथे प्रायोगिक आरंभ झाला. देशात १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये व २० टक्के मिश्रण २०२५ मध्ये साध्य झाले. परकीय चलन वाचते आणि कारखान्यास साखरेखेरीज दुसरे उत्पन्न मिळते, हा त्याचा लाभ.

आता गणिताचा तास. एक लिटर इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. मग निव्वळ पेट्रोलवर लिटरला ६० किलोमीटर जाणारी गाडी २० टक्के मिश्रणावर किती जाईल? केवळ उष्णतेच्या हिशेबाने ५६. मुलांनी हे स्वतः सोडवावे.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे आहे. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे एका लिटर मिश्रणातील २०० मिलिलिटरमागे ५७२ लिटर. आपल्या घरी दिवसास किती हंडे पाणी लागते ते मुलांनी मोजून आणावे व शेजारी हा आकडा मांडावा. टँकरच्या गावांत याहून अधिक विवेचनाची गरज पडणार नाही.

पाऊस कमी झाल्याने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले; पुढील हंगामासाठी ते उठविले. दरम्यान मक्याचा वापर वाढला, तर कोंबड्यांच्या खाद्याचा मका महागला. माझ्या मते या इंधनाचे भवितव्य रसापेक्षा मळीवर आणि शेतातील टाकाऊ काडावर अधिक अवलंबून राहील. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना २०२२ मध्ये पानिपत येथे सुरू झाला आहे. ती प्रक्रिया अद्याप खर्चिक आहे.

शक्य असल्यास एखाद्या शनिवारी गावातील गॅरेजवाल्यास शाळेत बोलवावे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांवर या मिश्रणाचा परिणाम होतो किंवा कसे, हे तो जुनी नळी हाती देऊनच दाखवील.