चातुर्मासातील घोडी आणि रानातील गवत

वरातीसाठी घोडी बाळगणाऱ्या, अकोल्याच्या जठारपेठेतील एका गृहस्थांनी विचारले आहे की, आषाढ लागल्यापासून चंदी पूर्णपणे बंद केलेली असताना, केवळ मोकळ्या रानात चरून घोडीचे अंग इतके का सुटावे आणि आयाळीखालची मानेची कड जाड व कठीण का व्हावी. चैत्र-वैशाखात ४५ अंशांच्या उन्हात कडब्यावर गुजराण केलेल्या जनावरापुढे मृगानंतर कोवळी हरळी व मारवेल पसरते, त्याच सुमारास आषाढी एकादशीपासून मुहूर्त बंद होऊन त्याची मेहनतही थांबते, आणि मग तुळशीची लग्ने लागेपर्यंत जमा वाढलेली व खर्च घटलेला असाच त्याच्या देहाचा जमाखर्च चालतो.

सुटलेले पोट पाहून अंदाज बांधू नये. पुढच्या पायांच्या लगत मागे छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील हाडापर्यंत लांबी, अशी मापे सेंटीमीटरमध्ये घ्यावीत. घेराच्या वर्गास लांबीने गुणून ११,८८० ने भागले असता अदमासे वजन किलोत मिळते. घेर १५० व लांबी १४० असेल तर ते २६५ किलो भरते. अशा घोडीस दिवसाकाठी वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सव्वापाच किलोच्या आसपास शुष्क चारा पुरतो; पावसाळी गवतात चार-पंचमांश पाणी धरले तर हिरवा चारा सुमारे २६ किलो होतो. मोकळी सुटलेली घोडी याच्या दीडपट सहज खाते. बरगड्या डोळ्यांस दिसू नयेत, परंतु हलक्या हाताने चाचपताच लागाव्यात, ही प्रकृतीची योग्य अवस्था होय.

या स्थूलतेची मला खरी धास्ती वाटते ती खुरांमुळे. मेद वाढलेल्या घोड्याच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण चढते आणि खुराच्या आतील ज्या नाजूक पडद्यांनी हाड कवचाशी जखडलेले असते त्यांना इजा पोहोचते. हाच लॅमिनायटिस, आणि एकदा हाड आत ढळले की जनावर कायमचे निकामी होण्याचा संभव असतो.

गवतातील साखर उन्हाबरोबर वाढत जाते, म्हणून पहाटेपासून आठ-नऊपर्यंत चरावयास सोडावे. मात्र भुकेली घोडी थोड्या तासांतही अधाशीपणे खाऊन घेते, यास्तव डवरणीच्या वेळी बैलांना बांधतो तसे, पण तळाशी लहान छिद्र ठेवलेले मुसके तिला बांधावे. त्यातून पाणी पिता येते व मोजकीच पाती तोंडी लागतात. रात्री ते काढून जून, वाळलेले गवत तोलून घालावे. नेपिअर गवत हा त्यास पर्याय नव्हे, कारण त्यातील ऑक्झलेट चुना अंगी लागू देत नाही. खूर निर्दोष असतील तर रोज अर्धा तास दुडक्या चालीने फिरवावे.

उपासमार मात्र कदापि करू नये. लठ्ठ घोडीचा आहार एकाएकी तोडल्यास अंगातील चरबी रक्तात उतरून यकृत बिघडते, आणि गाभण घोडीस हा धोका विशेष असतो. शुष्क चारा वजनाच्या दीड टक्क्याखाली नेऊ नये व कोणताही बदल आठ-दहा दिवसांत क्रमाक्रमाने करावा.

खूर गरम लागत असतील, खुरावरची नाडी ठणकत असेल, किंवा घोडी पुढचे पाय पुढे ताणून भार मागे टाकीत उभी राहत असेल, तर तिला फिरवू नये. मऊ मातीवर उभी करावी, हिरवा चारा बंद करून वाळलेला चालू ठेवावा आणि पशुवैद्यास तिच्याकडेच बोलवावे. अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेतही सल्ला घेता येईल, परंतु दुखऱ्या पायांनी घोडीस तेथवर चालवीत नेऊ नये.