टर्की ट्रॉटच्या आधी

शॉमबर्ग

चि. बंड्या,


थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी टर्की ट्रॉटमध्ये तू हाफ मॅरेथॉन पळणार, हे ताईकडून कळलं. ‘साताऱ्याचा घाट पळालोय, इथला सपाट रस्ता म्हणजे किस झाड की पत्ती’ असंही म्हणालास म्हणे. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

यवतेश्वरचा चढ सुरुवातीलाच तुझा लगाम धरतो. मस्ती करायची म्हटली तरी घाट करू देत नाही. ही शर्यत बसी वूड्समध्ये, तिथला रस्ता मात्र जवळजवळ सपाट. तिथे लगाम धरणारं कुणी नाही. त्यात रांगेत कुडकुडलेली माणसं ऊब यावी म्हणून सुसाट सुटतात. गारठ्यात पहिले दोन मैल ना घाम जाणवतो, ना दम लागतो, त्यामुळे आपण उधळलोय हे कळतच नाही.

मला पहिल्या वर्षी कळलं ते नवव्या मैलाला. जाड जॅकेट घालून गर्दीबरोबर धावलो, आतून चिंब झालो, मग चालायची वेळ आली आणि तोच घाम वाऱ्यात गार पडला. दातावर दात आपटत असताना टर्कीची टोपी घातलेल्या एक आजीबाई मला ‘गुड जॉब’ म्हणून पुढे गेल्या! तेव्हा कपडे असे घाल, की उभं असताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे.

आता हिशेब. इथे पाट्या मैलांच्या, किलोमीटर विसर. तुला दोन तासांत संपवायचंय, म्हणजे मैलाला ९ मिनिटं ९ सेकंद. पहिले तीन मैल साडेनऊनेच पळ. त्यात जेमतेम एक मिनिट मागे पडशील. ते पुढच्या दहा मैलांत मैलामागे सहा सेकंदांनी भरून निघतं. २०२३ला आपल्या शिकागोतच किपटमने पूर्ण मॅरेथॉनचा २:००:३५चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६०:४८चा आणि दुसरा ५९:४७चा होता. त्याला घाई नव्हती, तर तुला कसली?

तळ्याकाठी वारा समोरून आला, की घड्याळाकडे बघू नकोस. पारा २० फॅरनहाइटवर आणि वारा ताशी १५ मैल असला, तर अंगाला ६च वाटतं. तिथे वेग पडू दे, श्वास तेवढा सारखा ठेव आणि एखाद्या धिप्पाड गड्याच्या मागे लाग. लाज कसली त्यात? पूल रस्त्याआधी गोठतात, तिथे पावलं आखूड टाक. पाण्याच्या टेबलापाशीही सांडलेल्या पाण्याचा बर्फ होतो.

शुक्रवारी संध्याकाळीच ये. मामी मऊ भात आणि मेतकूट करणार आहे. उरलेल्या तांबड्या रश्श्याला शनिवारी दुपारपर्यंत हात लावायचा नाही. हातमोजे विकत घेऊ नकोस, घरात ढीग आहे, फक्त जोड्या लागत नाहीत.

तुझा,
मामा